आत्याच्या तोंडचे वाक्य

लेइमातुआ, वावाऊ
३ जून १९९६

प्रिय बहीण लुसेआने हिस,

बाबांच्या शोकाचे दहा दिवस काल पूर्ण झाले. पाहुणे आपापल्या बेटांवर परतले, अंगणातला मांडव उतरवला, आणि मी हे पत्र लिहावयास बसलो आहे. जे घडले ते क्रमाने लिहितो, कारण क्रम सोडला तर माझ्या हातून राग आधी लिहिला जाईल.

बाबा शुक्रवारी दुपारचे जेवण झाल्यावर गेले. कसलाही त्रास झाला नाही. 'जरा पडतो' म्हणाले आणि पडले ते उठले नाहीत. तुझे विमान येईल म्हणून दफन एका दिवसाने पुढे ढकलले. विमान आले. त्यातून दवाखान्याची औषधांची खोकी उतरली. तू उतरली नाहीस. नंतर बोटीच्या कचेरीत तुझा फोन आला, 'रजा मिळत नाही.' तो मी माझ्या टेबलापाशी उभा राहून घेतला, आणि तिकिटासाठी रांगेत उभी असलेली माणसे माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती.

आत्या बाबांच्या उशाशी बसून होत्या. वय झाले, गुडघे वाकत नाहीत, तरी त्या जागेवरून हलल्या नाहीत. त्यांच्या मांडीवर कात्री होती. तुझ्या केसांबद्दल भावाने लिहिणे शोभत नाही, हे मी जाणतो. म्हणून मी केवळ रीतीबद्दल लिहितो. बाप गेला की मुलीचे केस आत्याने कापायचे. तेवढे झाले की मुलगी बापाला निरोप देऊन मोकळी होते. बाबांना तू एकच मुलगी. तुझ्या जागी दुसरी कोणी बसू शकत नव्हती. शवपेटी उचलली तेव्हाही कात्री आत्यांच्या मांडीवर तशीच होती, आणि ते साऱ्या गावाने पाहिले.

स्वयंपाकाच्या भट्टीपाशी कोनफळे सोलणाऱ्या बायका काय बोलत होत्या तेही ऐक. एक म्हणाली, "ऑस्ट्रेलियात केसांना फार जपतात म्हणे." दुसरी म्हणाली, "जपेल नाही तर काय? कमरेपर्यंत आहेत. बाप काय, एकदाच मरतो." आणि सगळ्या हसल्या. फिफिताने त्यांना गप्प केले. तुझी वहिनी तुझ्यासाठी भांडली. मला भांडता आले नाही, कारण तू का आली नाहीस ते मला ठाऊक नव्हते.

आपल्या रीतीत बहीण वयाने लहान असली तरी पदाने भावाहून वरची, म्हणून तू माझ्याहून वरची आहेस. बहिणीला जाब विचारण्याचा अधिकार मला नाही. तरी मी विचारतो आहे, आणि कारण तू कळवशील अशी अपेक्षा करतो.

तुझा भाऊ,
मानासे

———

लोगन, ब्रिस्बेन
२२ जून १९९६

मानासेदादा,

तुमचे पत्र मिळाले. मी ते उभ्यानेच वाचले.

वृद्धाश्रमात त्या आठवड्यात दोन बायका आजारी होत्या. माझ्या जागी कोणी मिळत नव्हते. नंतरच्या विमानात जागा नव्हती. याहून जास्त मला सांगता येत नाही. तुम्ही ते खरे माना किंवा मानू नका, पण बाबांवर माझी माया नव्हती असे कृपा करून मानू नका.

ज्या दिवशी दफन झाले त्या दिवशी मी काळे कपडे घातले, शोकाची फाटकी चटई कमरेला बांधली आणि तशीच कामावर गेले. तिथल्या एका आजींनी विचारले, "पोरी, आज नाटक आहे का?" मी हो म्हटले.

एक गोष्ट विचारायची आहे, दादा, आणि तिचे उत्तर मला हवेच आहे. आत्या माझ्याविषयी तोंडाने काही बोलल्या का? मनात काय आले असेल ते नको. जे शब्द त्यांनी उच्चारले तेच हवेत. तुम्हाला ठाऊक आहे, आत्या रागाने जे उच्चारते ते भाच्यांना शापासारखे लागते.

फिफितावहिनीला माझा नमस्कार.

लुसेआने

———

लेइमातुआ
२० जुलै १९९६

प्रिय बहीण लुसेआने हिस,

तू दिलेली कारणे मी तपासली. राग मानू नकोस. ही माझी सवय आहे आणि याच सवयीवर बोटीच्या कचेरीने मला इतकी वर्षे ठेवून घेतले आहे. वडील वारले असता तुमच्याकडे रजा नाकारली जात नाही, असे आपल्या चर्चच्या धर्मगुरूंचा मुलगा सांगतो. तो तेथेच अशाच संस्थेत काम करतो. नंतरच्या विमानात जागा होती. त्या विमानाने आलेले लोक मला ठाऊक आहेत, आणि एका रिकाम्या आसनावर त्यांनी चटयांचा गठ्ठा ठेवला होता हेही ठाऊक आहे.

म्हणजे तू यावे असे तुला वाटले नाही. का, ते तू लिहीत नाहीस. माझ्यापुढे एकच कारण उरते, जे भट्टीपाशी बायकांनी हसत सांगितले होते.

आत्यांविषयी तू विचारतेस. शब्द हवेत म्हणतेस, तर घे. दहाव्या दिवशी, सगळे उठून गेल्यावर, कात्री कापडात गुंडाळताना त्या म्हणाल्या, "जिने बापापेक्षा केस मोठे मानले, तिने या घराचा उंबरठा ओलांडू नये."

हे लिहिताना मला आनंद होत नाही. परंतु तू मागितलेस.

मानासे

———

लोगन
९ ऑगस्ट १९९६

मानासेदादा,

समजले. जे व्हायचे ते आधीच झाले होते, आता त्याला नाव मिळाले.

पुन्हा विचारणार नाही.

लुसेआने

———

लेइमातुआ
१५ सप्टेंबर १९९६

प्रिय बहीण लुसेआने हिस,

तुझे चार ओळींचे पत्र मिळाले. कागदावर चहा सांडलेला होता. नारिंगी डाग अक्षरांवर पसरले आहेत. मोठ्या भावाला पत्र लिहिताना नवा कागद घेता आला असता. बाबा असते तर त्यांनी ते परत पाठवले असते, हे तुला माझ्याइतकेच माहीत आहे.

थडग्यावर पांढरी वाळू घातली आहे आणि कडेने काळे खडे लावले आहेत. वर्षश्राद्धाला पुन्हा सगळे जमतील. त्याआधी तू आत्यांची क्षमा मागावीस, असे मला वाटते. त्या मला दर टपालाला विचारतात, "पोरीचं काही आलं का?" मी 'आले, ठीक आहे' एवढेच सांगतो. चार ओळी वाचून काय दाखवणार?

मानासे

———

लोगन
११ जानेवारी १९९७

(हे पत्र फिफितावहिनीने आत्यांना वाचून दाखवावे. दुसऱ्या कोणी उघडू नये.)

पूज्य आत्या,

हे पत्र लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. तरी लिहिते, कारण इथल्या डॉक्टरांनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि त्यावरून मला जे विचारायचे आहे त्याचे उत्तर फक्त तुमच्याजवळ आहे.

आधी माझा अपराध. बाबा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्याकडे आले होते ते आठवते ना? डोळ्यावर पट्टी होती, मान खाली घालायची नव्हती, डोळ्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये असे बजावले होते. उकाडा फार होता. बाबांचे डोके घामाने आणि मलमाने चिकटून गेले होते, ते रात्रंदिवस खाजवत आणि मुकाट बसत. घरात दुसरे कोणी नव्हते. शेजारच्या गोऱ्या बाईला मी विचारणार होते, पण परक्या बाईपुढे डोके धरायचे म्हणताच बाबांनी चेहरा भिंतीकडे केला. शेवटी मी त्यांना खुर्चीत मागे रेलून बसवले आणि माझ्या हातांनी त्यांचे डोके धुतले. मुलीने बापाच्या डोक्याला हात लावायचा नसतो, हे मला चालता येण्याआधी शिकवलेले. मला वाटले ते ओरडतील. धुऊन झाल्यावर एवढेच म्हणाले, "पाणी बेताचं गरम होतं." पुन्हा तो विषय आम्ही काढला नाही.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या टाळूवर पुळ्या आल्या.

आधी दोन-चार, केसांच्या मुळाशी, टोकाला पू. नंतर खपल्या धरू लागल्या. आग व्हायची, कंगवा लागला की डोळ्यांत पाणी यायचे, उशीच्या अभ्र्यावर डाग पडायचे. वृद्धाश्रमातल्या मुख्य बाईंनी उवा समजून मला औषध दिले आणि दोन दिवस घरी बसवले. मी अंबाडा टाळूवरून मानेवर आणला, मग रुमाल बांधायला लागले. एके दिवशी आरशासमोर दुसरा आरसा धरून पाहिले तर मधोमध एक जागा गुळगुळीत, चकचकीत झाली होती. तिच्या कडेला एकाच छिद्रातून पाच-सहा केस एकत्र उगवलेले, ब्रशाच्या झुबक्यासारखे. माणसाच्या डोक्यावर असे केस मी कधी पाहिले नव्हते. मला कळले की हे बाबांच्या डोक्याचे आहे. ज्या जागी मी त्यांना हात लावला, त्याच जागी मला परत मिळाले.

म्हणून मी डॉक्टरांकडे गेले नाही. डॉक्टर काय करणार होते? आणि म्हणूनच मी बाबांच्या दफनाला आले नाही. तुम्ही अंबाडा सोडला असता आणि सगळे उघडे पडले असते. मी बापाच्या डोक्याला हात लावला हे तुम्हाला त्याच्या शवापुढे कळले असते. दादा समजतात की मी केस वाचवले. वाचवण्यासारखे केस होते कुठे, आत्या?

दफन झाल्यानंतर इथल्या एका मैत्रिणीने मला ओढतच त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी डाळीच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासला आणि कागदावर चित्र काढून समजावले. प्रत्येक केसाचे मूळ कातडीत एका लहानशा पिशवीत असते. कातडीवर सगळ्यांच्याच असणारे काही जंतू तिथे शिरतात, आणि त्यांना हाकलण्यासाठी शरीराची राखणच इतकी चवताळते की त्या झटापटीत ती पिशवीच नष्ट होते. तिथे व्रण होतो. व्रणातून केस पुन्हा उगवत नाही. हे अस्वच्छतेने होत नाही, तेलाने होत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. टाळूवर सुरू होणे हे या रोगाचे नेहमीचेच. मी विचारले, "मग मलाच का?" ते म्हणाले, "शरीर असे का चवताळते ते आम्हालाही नीट ठाऊक नाही." सगळे सांगून झाल्यावर तेवढीच एक जागा मोकळी राहिली, आणि माझी भीती तिथेच जाऊन बसली.

त्यांनी दोन गोळ्या एकत्र दिल्या, अडीच महिन्यांसाठी. म्हणाले, "गेलेले परत येणार नाही. राहिलेले राखता येईल. मध्ये थांबू नका." त्यांतल्या एका गोळीने लघवी, घाम, डोळ्यांतले पाणी, सगळे नारिंगी होते. दादांना सांगा, तो चहा नव्हता.

गोळ्यांनी आग कमी झाली होती. पुळ्या सुकू लागल्या होत्या. मग दादांचे पत्र आले, त्यात तुमचे उंबरठ्याचे वाक्य होते. मी गोळ्या कपाटात ठेवून दिल्या. आत्याच्या तोंडून गेलेले गोळी कशी परत आणणार? आणि खरेच, महिन्याभरात सगळे पुन्हा पेटले. मागे पसरत कानापर्यंत आले. मला वाटले, आता पुरावाच मिळाला.

डिसेंबरात ताप आला म्हणून पुन्हा गेले. डॉक्टर चिडले नाहीत. मी का थांबले ते विचारले, आणि मी पहिल्यांदाच कोणाला तरी सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमच्या आत्या असे बोलल्या, ते तुम्ही ऐकले?" मी म्हटले, "नाही. भावाने लिहिले." ते म्हणाले, "मग आत्यांनाच विचारा. तोवर गोळ्या घ्या."

गोळ्या घेते आहे. आता विचारते. आत्या, तुम्ही ते म्हणालात का?

तुमची भाची,
लुसेआने

———

लेइमातुआ
१६ फेब्रुवारी १९९७

प्रिय बहीण लुसेआने हिस,

तुझे पत्र फिफिताने वाचले नाही. मी वाचले. कसे ते सांगतो, म्हणजे मी तुझी सूचना हेतुपुरस्सर मोडली असे तुला वाटणार नाही.

फिफिता आमच्या थोरल्या मुलीच्या बाळंतपणासाठी राजधानीला, नुकुआलोफाला गेली आहे. पत्र मी आत्यांना नेऊन दिले आणि म्हटले, ती येईपर्यंत उशीखाली ठेवा. आत्या ओसरीत चटई विणत होत्या.

"फिफिता कधी येणार?"

"बोट मिळाली की. पुढच्या महिन्यात."

"तोवर मी जगेन, अशी हमी देतोस?"

"ती मी कशी देणार, आत्या?"

"मग फोड."

"बहिणीचं खाजगी पत्र भावानं फोडायचं नसतं."

"मला रीत शिकवतोस? तुझ्या बापाला मी चिखलात लोळवलंय. तो माझ्यापुढे मान वर करत नव्हता, आणि तू पाकीट धरून उभा. फोड म्हणते ना!"

मी भिंतीकडे तोंड करून वाचले. तुझ्या डोक्याविषयीचा मजकूर आला तेथे थांबलो. "वाच," त्या म्हणाल्या. "एक शब्द गाळलास तरी मला कळेल." मी सगळे वाचले. बहिणीच्या देहाविषयी भावाने जे ऐकू नये ते मी माझ्याच आवाजात ऐकले. वाचून झाल्यावर विणणे थांबले होते.

मग म्हणाल्या, "हे उंबरठ्याचं वाक्य कुणाचं?"

मी पत्राची घडी घालू लागलो.

"मानासे, कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

लुसेआने, ते माझे होते. आत्या तसे कधीच बोलल्या नाहीत. दहाव्या दिवशी कात्री गुंडाळताना त्या जे बोलल्या ते असे, "पोर आली नाही म्हणजे तिचं काहीतरी मोठं दुखत असणार. कात्रीला तेल लावून ठेव." एवढेच. मला ते शब्द प्रसंगाच्या मानाने फार सैल वाटले. आत्यांच्या पदाला राग शोभतो असे मला वाटले, आणि तो त्यांना येत नव्हता. म्हणून त्यांनी जे म्हणायला हवे होते ते मी लिहिले, आणि अवतरणचिन्हांत लिहिले. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढल्या. हे वाक्य पाकिटात घालताना मात्र मला त्यात चूक दिसली नाही. उलट ते चांगले जमले आहे असे वाटले होते. हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

आत्या म्हणाल्या, "तुला लिहायला येतं म्हणून माझं तोंडही तुझंच झालं का रे?"

मी पत्र पाकिटात परत घातले आणि त्यांच्या उशीखाली ठेवले.

बाबांचे डोके तू धुतलेस ते आत्यांना तेव्हापासून ठाऊक होते. बाबांनी ब्रिस्बेनहून परतल्यावर आधी त्यांनाच सांगितले होते. तो संवाद मी आत्यांच्याच शब्दांत देतो, आणि या वेळी तो त्यांच्याकडून दोनदा ऐकून लिहितो आहे. "माझ्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, 'पोरीनं डोकं धुतलं, आता काय करू?' मी म्हटलं, 'करायचंय काय? मी तिथं असते तर मी धुतलं असतं. मी नव्हते म्हणून तिनं धुतलं, म्हणजे माझ्याच हातानं धुतलं. जा, गप्प घरी जा.' लाजून लाल झाला होता म्हातारा. पण जाताना म्हणाला, 'छान धुतलं हं तिनं.'"

मी विचारले, हे लुसेआनेला कोणी कळवले का नाही. आत्या म्हणाल्या, "बापानं कसं सांगायचं? आणि मला वाटलं, तिला कळलं असेल. धुणारीला कळत नाही का?"

त्यांचा निरोप, जसाच्या तसा: "शाप नाही, बीप नाही. गोळ्या खा. वर्षश्राद्धाला ये. डोक्यावर तीन केस असले तरी तीनही मीच कापणार. नाही आलीस तर मी येईन, आणि विमानात मला ओकारी झाली तर तुझ्या दारात येऊन शिव्या देईन."

माझा निरोप वेगळा लिहिता येत नाही. मी तीन वेळा कागद बदलला.

मानासे

———

लेइमातुआ
२९ जून १९९७

प्रिय बहीण लुसेआने हिस,

तू आलीस, आठवडाभर राहिलीस आणि गेलीस. बहीण-भावांच्या रीतीप्रमाणे आपण पाऊसपाणी आणि विमानाची वेळ यांपलीकडे काही बोललो नाही. तू ओसरीत असलीस की मी अंगणात होतो. म्हणून समोरासमोर जे झाले नाही ते पत्रात करतो.

आत्यांनी केस कापले तेव्हा मी भिंतीच्या बाहेरच्या बाजूला बसलो होतो. मला कात्री ऐकू आली आणि आत्यांचा आवाज ऐकू आला. "मान सरळ ठेव गं, मी काय कोंबडी कापतेय?" मग तू हसलीस. तुझे हसणे मी कित्येक वर्षांनी ऐकले. त्यानंतर दोघींचे रडणे ऐकले तेव्हा मी उठून समुद्राकडे गेलो.

आत्यांनी रुमाल बांधू दिला नाही. रविवारी चर्चमध्ये तू पुढच्या बाकावर होतीस आणि मी मागे. भावाने बहिणीच्या डोक्याकडे निरखून पाहू नये. मी प्रार्थनेच्या वेळी, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना, पाहिले. टाळूवर, मागे, आणि डाव्या कानामागे थेट मानेपर्यंत. कात्रीने सगळे आखूड झाल्याने काहीच झाकलेले नव्हते. कातडी पातळ कागदासारखी दिसत होती. गावातल्या ज्या बायका गेल्या वर्षी भट्टीपाशी हसल्या होत्या त्यांतली एक माझ्या शेजारी होती. तिनेही पाहिले. नंतर तिने दारात तुला आपल्या हाताने विणलेला पंखा दिला, तो तू घेतलास.

मला एक विचारायचे आहे. विचारू नये हे कळते, तरी विचारल्यावाचून माझे मन स्थिर होणार नाही. तुझ्या पत्रात असे होते की पहिल्यांदा गोळ्या सुरू केल्यास तेव्हा रोग टाळूवर होता, आणि थांबवल्यानंतर तो मागे पसरला. जे मी पाहिले त्यातले किती माझ्या पत्राच्या आधीचे आणि किती नंतरचे? डॉक्टर ते सांगू शकतील काय? मला माझ्या वाट्याचे नेमके ठाऊक असावे. अंदाजावर मला राहता येत नाही.

तुझा भाऊ,
मानासे

———

लोगन
१९ जुलै १९९७

मानासेदादा,

गोळ्या संपल्या. आता रोज रात्री फक्त एक औषध लावायचे असते. चार महिने नवी पुळी नाही. डॉक्टर म्हणतात, पुन्हा डोके वर काढू शकते, लक्ष ठेवायचे. आहे ते टिकले तर मी समाधानी आहे. केस आखूड ठेवते. वृद्धाश्रमातल्या आजी म्हणतात, "आता तू आमच्यासारखी दिसतेस." मी म्हणते, अजून नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. डॉक्टर दर भेटीला डोक्याचे फोटो काढतात आणि फाइलीत लावतात. गेल्या वर्षीच्या जुलैचा आहे, डिसेंबरचा आहे. दोन शेजारी ठेवले तर तुम्हाला जे हवे ते बोटाने दाखवता येईल. मागच्या भेटीला त्यांनी फाइल माझ्यापुढे उघडली होती. मी ती मिटली. मीही पाहिलेले नाहीत, दादा, आणि तुम्हाला पाठवणार नाही. पाठवले तर तुम्ही ते पट्टीने मोजाल, आणि मग जन्मभर तेवढेच तुमच्याजवळ राहील. मला भाऊ हवा आहे.

त्यातले काही माझेही आहे. मी दोन वर्षे डॉक्टरांकडे गेले नाही, तेव्हा तुमचे पत्र कुठे होते?

पण एक मागते, आणि बहीण म्हणून मागते, म्हणजे तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. यापुढे आत्यांचे म्हणणे लिहाल तेव्हा त्या बोलतील तसेच लिहा. सैल असले तरी सैलच. शिव्या असल्या तर शिव्यांसकट.

फिफितावहिनीला आणि थोरलीच्या बाळाला प्रेम.

लुसेआने